तो आम्हाला उदयपूर का दाखवत होता

फुकट आलेली वस्तू आमच्या घरात आधी हुंगून बघतात. माझी आई शिरगावची. सुकी मासळी विकण्यात तिचा जन्म गेला. बोंबील वरून कितीही कोरडा दिसला तरी ती तो पोटाशी दाबून बघायची, आणि पालघरच्या बाजारात बसून बसून माणसंही तशीच बघायला शिकली. मी सरावलीला राहते आणि बोईसरच्या एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसते. तिथे दिवसभर लोक मला वय चोरून सांगतात, आधी कुठल्या डॉक्टरकडे गेलो होतो ते लपवतात, सोबत आलेल्या बाईला बहीण म्हणतात. थोडक्यात, संशय मला आईकडून मिळाला आणि नोकरीत मुरला.

नवरा अगदी उलटा. तो जळगावकडचा. एमआयडीसीत कपडा रंगवणाऱ्या कंपनीत कामाला आहे. कोणी हसून बोललं की त्याला तो माणूस चांगला वाटतो. त्याच कंपनीत रंग जुळवायला एक माणूस आहे. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा पाठवतं, त्याच्याशी हुबेहूब जुळणारा रंग हा तयार करून देतो. त्याला सगळे मास्टर म्हणतात, म्हणून मीही मास्टरच म्हणते. मूळचा राजस्थानचा, पण बोईसरला इतकी वर्षं काढली की मराठी बोलतो, आपल्या पद्धतीनं.

दोन वर्षांपूर्वी थंडीच्या तोंडावर मास्टर आमच्याकडे चहाला आले आणि म्हणाले, "भाभी, या वेळी चला माझ्या गावाला. उदयपूर. तलाव हाय, महाल हाय, म्युझियम, आर्ट गॅलरी, सगळं मी दाखवतो."

मी कप खाली ठेवला. बोईसरमध्ये राहणारी बाहेरची माणसं सणाला बॅगा भरभरून गावाला पळतात. मास्टर कधी कुठे गेलेले मी ऐकलं नव्हतं. दिवाळीत ते ओव्हरटाईम करायचे आणि फराळ आमच्याकडे खायचे.

"तुमचं घर आहे का तिथे अजून?" मी विचारलं.

"हाय ना. वडील हायत."

"मग आपण तुमच्या घरी उतरायचं?"

"नाही, नाही. लॉज बघून ठेवलाय." त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं, ते विरघळून पडलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. "आणि माजींना पण घ्या. माजी पाहिजेच."

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून ती आमच्याकडे राहायला आली होती. काळा चष्मा लावून ती आतल्या खोलीत बसली होती, पण कान बाहेर होते. मास्टर गेल्यावर ती म्हणाली, "'पायजेच' बोलला तो. म्हातारीचं काय काम हाय त्याला?"

"अहो, माणूस प्रेमानं बोलावतोय," नवरा म्हणाला.

"प्रेमानं बोलावतोय तर स्वतःच्या बायकोला, पोरींना का नाही नेत?" मी म्हटलं.

नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी कंपनीत विचारलं. उत्तर आलं की मुलींची परीक्षा आहे. मला ते पटलं नाही. त्यांच्या दोन मुली बेटेगावहून ज्या शाळेत जातात, त्याच शाळेतली शेजारची मुलगी मामाकडे लग्नाला निघाली होती. परीक्षा एकीला आणि दुसरीला नाही, असं कसं? दोन दिवसांनी आणखी एक निरोप आला. कपडे जरा चांगले घ्या. भाऊसाहेबांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, इस्त्रीचा शर्ट घालावा.

एवढं सगळं असून मी गेले कशी, असं कोणी विचारेल. मला जायचं होतं. राजवाडा मी फक्त कॅलेंडरवर पाहिला होता, आणि संग्रहालय म्हणजे शाळेच्या सहलीत रांगेतून पळत पाहिलेलं. तेव्हा बाई मागून ढकलत होत्या. एकदा तरी कुठल्या चित्रासमोर हवा तितका वेळ उभं राहावं, असं मनात होतं. आई म्हणाली, "तुमी दोगंच त्याच्यासंगती जाऊ नका. मी येते." मग तिनं हातातल्या पाटल्या काढल्या, शिरगावला जाऊन भावजयीच्या कपाटात ठेवल्या आणि पिशवीत सुक्या जवळ्याची चटणी भरली.

अहमदाबादला गाडी बदलली. तोपर्यंत मास्टर भरपूर बोलत होते. पुढच्या गाडीत बसल्यावर त्यांनी खिशातून मास्क काढून लावला. मास्कचे दिवस केव्हाच सरले होते. अख्ख्या डब्यात दुसऱ्या कुणाच्या तोंडावर मास्क नव्हता.

"धूळ फार असते या बाजूला," ते म्हणाले.

आईनं माझ्या मांडीला चिमटा काढला.

उदयपूरला उतरलो तशी रिक्षावाल्यांनी गराडा घातला. प्रत्येकाला आम्हाला आधी कुठल्या तरी एम्पोरियममध्ये न्यायचं होतं. "सरकारी है, देखने का पैसा नहीं." मास्टरांनी त्यांना त्यांच्याच बोलीत काहीतरी ऐकवलं आणि ते बाजूला झाले. नवरा खूश झाला. बघ, आपला माणूस बरोबर असला की फसवणूक होत नाही. मी विचार करत होते की इतके रिक्षावाले एका वाक्यात गप्प कसे झाले. वाटा ठरलेला असेल तरच माणसं अशी गप्प होतात.

राजवाड्यातलं संग्रहालय मात्र खरंच बघण्यासारखं. अरुंद जिने, एकातून एक निघणारी दालनं, निळ्या फरशांची एक खोली, काचांच्या तुकड्यांनी केलेले मोर. खिडकीशी आलं की खाली पिछोला तलावाचं पाणी. जुनी चित्रं होती, हातभर लांब कागदावर शिकारीचा आख्खा दिवस काढलेला. राजा एकाच चित्रात चार ठिकाणी. इथे घोड्यावर, तिथे नावेत, वर मचाणावर, कोपऱ्यात जेवायला बसलेला. आई चष्मा वर करून म्हणाली, "ह्यो एवढ्या ठिकानी एकदम कसा?" मी म्हटलं, वेळ पुढे सरकतोय तसा तो सरकतोय. ती म्हणाली, "मंग सैपाक कोन करतोय ते नाय दाकवलं."

मी चित्रं बघत होते आणि मास्टरांवरही लक्ष ठेवून होते. त्यांना सगळं माहीत होतं. कुठलं दालन कधी बांधलं, कुठला रंग कुठल्या दगडाचा. पण चित्रांसमोर आलं की ते पाठ फिरवून खिडकीशी जायचे. जो माणूस आम्हाला चित्रं दाखवायला घेऊन आला, तो स्वतः एकही चित्र बघत नव्हता. दुपारी आम्ही तळ्याकाठच्या एका जुन्या हवेलीत गेलो. तिथे कठपुतळ्या होत्या, आणि एक पगडी होती, माणूस आत मावेल एवढी. तिथून बाहेर पडल्यावर देवळाकडे जाणारी सरळ गल्ली सोडून मास्टरांनी आम्हाला लांबच्या वाटेनं फिरवलं. आईचे गुडघे दुखत होते. मी विचारलं, "हा रस्ता जवळचा नाही का?"

"गर्दी असते," ते म्हणाले. गल्लीत दोन गाई आणि एक भाजीवाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर बसलो असताना त्यांनी विषय काढला. "आज एक छोटी आर्ट गॅलरी बघू. आतमध्ये फोटोसारखं बारीक काम असतं. काही घ्यायची गरज नाही. खरंच नाही." मग म्हणाले, "फक्त एवढंच, कुणी विचारलं तर सांगा, मुंबईहून आलो. आणि मी तुमचा गाईड."

"म्हणजे?" मी म्हटलं.

"गाईड बोला ना. दुसरं काही नको सांगू."

ते बाटलीत पाणी भरून आणायला गेले, तेव्हा मी नवऱ्याला धरलं. "आता तरी कळलं ना? कमिशन! मुंबईची पार्टी म्हणून आपल्याला विकायला नेतोय. म्हणून इस्त्रीचा शर्ट. म्हणून म्हातारी पाहिजे, म्हातारीसमोर दुकानदाराला 'नाही' म्हणता येत नाही."

"मास्टर असं करणार नाही."

"मग गाईड का म्हणायचं?"

नवरा पाण्याकडे बघू लागला. आई म्हणाली, "चला बगू. काय विकतोय ते तरी कळंल. आपून घेतलं नाय म्हंजे झालं." मी पर्स पुढे घेतली आणि चेन लावली.

आदल्या दिवशी टाळलेल्या त्याच गल्लीत आम्ही गेलो. एका जुन्या घरावर लहानशी पाटी होती. दगडी जिना, आणि वरचं दार इतकं बुटकं की नवऱ्याचं कपाळ चौकटीवर आपटलं. मास्टर मात्र त्याच्या पुढे, मागे वळून आमच्याशी बोलत बोलत, न बघता नेमके वाकले आणि आत शिरले. मी ते पाहिलं. हा इथे पहिल्यांदा येत नव्हता. आत गादीवर बसलेल्या म्हाताऱ्यानंही मान वर करून तिकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

खोली पांढरी, स्वच्छ. भिंतींवर चौकटीत लावलेली चित्रं, जमिनीवर चादर. म्हातारे गृहस्थ एकटेच होते. डोळ्यांना जाड चष्मा, समोर छोट्या शिंपल्यांमध्ये रंग. नमस्कार करून त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि एकेक चित्र काढून दाखवायला लागले. बोलणं पाठ झालेलं होतं. हा रंग दगडाचा, हा कुंचला खारीच्या शेपटीच्या केसाचा. "हाथी नसीब का, घोड़ा ताकत का, ऊँट प्यार का."

आईनं मला विचारलं काय म्हणतात ते. मी सांगितलं. ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, "आनि मासा?"

नवऱ्यानं हिंदीत सांगितलं. म्हाताऱ्यांनी पहिल्यांदाच पाठांतर सोडलं. "मछली?" ते म्हणाले. "मछली पेट की।"

आई हसली. तिला ते आवडलं. म्हातारे म्हणाले, हात द्या माजी, नखावर काढून दाखवतो, पैसे नाहीत. आईनं माझ्याकडे पाहिलं. पैसे नाहीत, हे तिला खटकलं होतं. पण अंगठा पुढे केला.

मास्टर लांबच्या भिंतीपाशी आमच्याकडे पाठ करून उभे होते. तोंडावर मास्क. आत आल्यापासून ते एक शब्द बोलले नव्हते. म्हातारे आईच्या नखावर वाकले. एका केसानं काढावी तशी रेघ येत होती. मी बघायला जवळ सरकले. तेव्हा मान वर न करता, अगदी हळू आवाजात त्यांनी मला विचारलं, "ये आदमी आपको कहाँ मिला?"

मला वाटलं, हे मला सावध करताहेत. हा माणूस या गल्लीत ओळखीचा आहे, लोकांना असाच घेऊन येतो, आणि या सज्जन म्हाताऱ्याला आमची दया आलीय. मुंबई, गाईड, सगळं मी विसरले. हळूच हिंदीत सांगितलं, "हा गाईड नाहीये. माझ्या मिस्टरांच्या कंपनीत आहे. बोईसरला."

"बोईसर कहाँ?"

"पालघरजवळ. मुंबईच्या पुढे. समुद्राकडे."

"काम क्या करता है?"

"रंग जुळवतो. कपड्याचे."

कुंचला थांबला, शिंपल्यात बुडला, परत नखावर आला. "अच्छा करता है?"

मला तो प्रश्न विचित्र वाटला, पण मी सांगितलं. साहेब लोकसुद्धा त्यांना विचारून रंग पास करतात, असं नवरा सांगतो. मग विचारलं, लग्न झालंय? झालंय. मुलं? दोन मुली. शिकतात? शिकतात, मोठी हुशार आहे. घर? बेटेगावला, स्वतःची खोली आहे. दारू? नाही, आम्ही तरी कधी पाहिलं नाही. मला वाटत होतं मी पोलिसात जबाब देतेय, आणि एकेक माहिती देऊन आमची सुटका करून घेतेय. आईनं पायानं मला डिवचलं, तरी मी थांबले नाही.

मासा पुरा झाला. खवले दिसत होते त्याचे. म्हाताऱ्यांनी कुंचला पुसला, गादीखालून एक पाकीट काढलं आणि भिंतीकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "गाईड साब. ये आपका."

नवरा गडबडला. "लेकिन हमने तो कुछ लिया नहीं।"

"ये लाये तो सही। जो लाता है, उसको मिलता है।"

मी मनात म्हटलं, बघा. मास्टर वळले. पाकिटाकडे हात गेला नाही. मास्कमधून त्यांचा आवाज घोगरा आला, "मैं कमीशन नहीं लेता।"

"नहीं लेते, तो गाईड नहीं हो।" म्हाताऱ्यांनी चष्मा काढला. "फिर कौन हो?"

मास्टरांनी मास्क उतरवला.

मी खिडकीवर बसून आधार कार्डावरचा फोटो आणि समोरचा माणूस ताडून बघते. म्हातारे तसे बघत होते. बराच वेळ. दोघांची कपाळं सारखी आहेत, हे मला तेव्हा दिसलं. नवरा आधी उठून उभा राहिला, मग काय करावं ते न कळून परत बसला.

"बाल गए," म्हातारे म्हणाले.

"जी."

"माँ के टाइम पे नहीं आया।"

"खबर देर से मिली, बाबूजी."

"हूँ." मग शिंपले बाजूला सारत, "वो खाके?"

"मैंने नहीं लिए थे। तब भी बोला था।"

म्हाताऱ्यांनी "हूँ" म्हटलं. या हुंकाराचा अर्थ काय, हे मला आजही सांगता येणार नाही. विश्वास ठेवला असंही वाटलं नाही आणि नाही ठेवला असंही नाही. ते आईकडे वळले. "माजी, हाथ मत हिलाओ। अभी गीला है।" आणि आईचा अंगठा धरून फुंकर घालत बसले. आईचा हात ते एवढा वेळ का धरून आहेत, हे आईला माझ्या आधी कळलं असावं. ती दगडासारखी स्थिर बसून राहिली.

निघताना मास्टर वाकून पाया पडले. म्हाताऱ्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही, पण पाय मागेही घेतले नाहीत. आम्ही जिन्याच्या निम्म्यात असताना वरून आवाज आला. "लड़कियों को लाना। अलमारी को ताला लगा के रखूँगा।"

घाटावर आल्यावर मास्टरांनी सगळं सांगितलं. घर चित्रकारांचं. आजोबांच्या वेळचे खाके म्हणजे पातळ कातड्यावर सुईनं टोचलेली चित्रं. त्यावरून कोळशाची पूड फिरवली की खालच्या कागदावर चित्राची रेघ उतरते. घरातली सगळी विद्या त्या गठ्ठ्यात होती. मास्टर विशीत असताना तो गठ्ठा एके दिवशी कपाटातून नाहीसा झाला. त्या आठवड्यात बाहेरचा एक व्यापारी घरी येऊन गेला होता आणि मास्टरांनी वडिलांशी भांडून शहर सोडायची भाषा केली होती. वडिलांनी चार लोकांसमोर विचारलं, कितीला विकलेस? त्याच दिवशी मास्टर निघाले. फिरत फिरत बोईसरला आले आणि रंगांचंच काम धरलं.

"एकटा गेलो असतो तर जिन्यातूनच हाकलला असता," ते म्हणाले. "गिऱ्हाइकासमोर ते आवाज चढवत नाहीत. आणि म्हातारी बाई असली की अजिबात नाही. माझ्या मुलींसमोर हाकलला असता तर..." त्यांनी मास्कची घडी करून खिशात ठेवली. "माफ करा भाभी. तुम्हाला फसवून आणलं."

नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तो आता मास्टरांसाठी जीव द्यायला तयार होता. मी मनात हिशेब करत होते. इस्त्रीचा शर्ट, मास्क, मुंबई, सगळं जुळलं होतं. संशय खोटा नव्हता, त्यांच्या मनात काहीतरी होतंच. फक्त मला वाटलं ते नव्हतं.

आईनं मात्र सरळ विचारलं. "घेतलंस का रे तू? खरं बोल."

"नाही माजी."

आईनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं, चष्मा वर करून, बोंबील बघावा तसं. मग पिशवीतून चटणीची डबी काढली आणि म्हणाली, "भाकरी मिळंल काय कुटं? भूक लागली." मास्टरांना मासळीचा वास सहन होत नाही. तरी त्या दिवशी त्यांनी भाकरी शोधून आणली.

पुढच्या मे महिन्यात मास्टर मुलींना घेऊन उदयपूरला गेले. परत आल्यावर म्हणाले, ठीक झालं. मुलींच्या हातात कुंचला दिला बाबूजींनी. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली जानव्याला. हे सांगताना ते हसत होते की काय, मला नीट कळलं नाही.

मी नवऱ्याला एकदा विचारलं, "समजा, घेतले असतील तर?"

"अगं, तू पण!"

"समजा म्हणतेय."

तो रागावून उठून गेला. मला तो राग कळत होता. पण मास्टर चहाला आले की माझ्या मनात तो गठ्ठा असायचाच. नाही म्हणणारा माणूस खरा असला की कसा दिसतो आणि खोटा असला की कसा, हे मला एवढी वर्षं खिडकीवर बसूनही ओळखता येत नव्हतं. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "मनात ठेव. तोंडात आनू नको."

मग गेल्या दिवाळीनंतर म्हातारे स्वतः आले. एकटे, गाडी बदलत, एका पिशवीनिशी. नातींना बघायला आलो, म्हणाले. मास्टरांनी आम्हाला बेटेगावला जेवायला बोलावलं. आईसुद्धा आली, कारण म्हाताऱ्यांनीच विचारलं होतं, मछलीवाली माजी कुठे आहेत?

खोली लहान. जेवणं झाली, मुली आजोबांना शाळेच्या वह्यांतली चित्रं दाखवत होत्या. ते बघत होते, छान म्हणत होते, पण मधूनच त्यांची नजर वर जायची. वर लाकडी माळा होता, त्यावर पडदा लावलेला. एकदा गेली, दोनदा गेली. मी पाहिलं. आईनं पाहिलं. मास्टरांच्या बायकोनं पाहिलं आणि ती भांडी घासायला मोरीत गेली.

मास्टर उठले. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल आणून माळ्याखाली ठेवलं. "बाबूजी, चढ़ के देख लो।"

मला वाटलं, म्हातारे आता रडतील किंवा रागावून निघून जातील. त्यांनी दोन्हींतलं काही केलं नाही. शांतपणे म्हणाले, "घुटने नहीं चलते मेरे।" आणि माझ्या नवऱ्याकडे पाहिलं.

नवरा माझ्याकडे बघायला लागला. काय करू? मी मानेनंच 'चढ' म्हटलं. शेवटी तो बिचारा इस्त्रीच्या शर्टात स्टुलावर चढला, पडदा सारला आणि एकेक वस्तू खाली सांगू लागला. जुना कूलर. गोधड्या. गणपतीचं मखर. मुलींची छोटी सायकल. एक पत्र्याची पेटी.

"पेटी खोलो," मास्टर म्हणाले.

पेटीत पितळेची भांडी होती आणि मास्टरांच्या लग्नाचा कोट. नवऱ्यानं तो झटकून दाखवला. धूळ उडाली आणि म्हाताऱ्यांना शिंक आली.

"और कुछ?"

"कुछ नहीं, बाबूजी."

"ठीक है," ते म्हणाले. "चाय पिलाओ अब।"

मास्टर स्टूल उचलून बाहेर घेऊन गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. मी दारातून पाहिलं. ते ओट्यावर बसले होते, दोन्ही हात स्टुलावर ठेवून. मला वाटलं जाऊन काहीतरी बोलावं. पण काय बोलणार? मी स्वतःही नवरा पडदा सारत असताना श्वास रोखूनच बसले होते की. म्हाताऱ्यांनी चहा बशीत ओतला, धाकट्या नातीला आधी दिला, मग स्वतः प्यायले. नंतर बाहेर जाऊन मास्टरांच्या शेजारी बसले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. बोललेच नसावेत, असंही असेल.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यांना समुद्र बघायचा होता. आयुष्यात पाहिला नव्हता. आईनं ठरवलं, शिरगावला न्यायचं. दोन रिक्षा करून आम्ही सगळे गेलो. तिथल्या किल्ल्याजवळून जाताना त्यांनी विचारलं, आत म्युझियम आहे का? नाही म्हटल्यावर भिंतींकडे बघून म्हणाले, फिर क्या रखा है अंदर? वाळूवर आलो. बांबूंवर बोंबील वाळत होते. म्हाताऱ्यांनी नाकाला रुमाल लावला. आईनं त्यांना मुद्दाम बोंबलांच्या मधूनच नेलं.

ओहोटी होती. मुली पुढे पळाल्या, मास्टर त्यांच्या मागे. म्हातारे पाण्याच्या कडेला थांबले आणि डावीकडून उजवीकडे बघत राहिले. दुसरा काठ शोधत असावेत.

"ये सब खारा है?" त्यांनी विचारलं.

"हाय ना," आई म्हणाली. "सगला खारा."

"इतना सारा?" त्यांना खरं वाटेना. "बीच में भी?"

"चाखून बगा ना."

नवऱ्यानं त्यांना सांगायची गरज पडली नाही. म्हातारे धोतर सावरून वाकले, ओंजळभर पाणी घेतलं, आधी त्याचा वास घेतला आणि मग जिभेवर टेकवलं. तोंड वाकडं करून त्यांनी ते थुंकलं. तोंड पुसलं, दोन पावलं पुढे गेले, आणि तिथलंही पाणी ओंजळीत घेतलं.